दंगलीबद्दलच का लिहिता?

मुंबईतल्या १९९२-९३च्या दंगलीबद्दलच मी का लिहितो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न मला नवा नाही. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, नात्यातल्या तरुण मुलांकडून, कुठूनही येतो: "त्र्याण्णवचं अजून किती उगाळणार? आणि उगाळायचंच असेल तर बॉम्बस्फोटांवर लिहा ना."

बॉम्बस्फोटांची आठवण मुंबई नीट ठेवते, तिथे माझी गरज नाही. १२ मार्च १९९३ला २५७ माणसं गेली. त्यासाठी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली खास न्यायालय बसलं, शंभर जणांवर गुन्हा शाबीत झाला, २०१५ साली याकूब मेमन फासावर गेला. दर मार्चमध्ये पेपरात फोटो येतात. यायलाच हवेत. त्याला कोणी उगाळणं म्हणत नाही.

त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत याच शहरात दंगलीत ९०० माणसं मेली. दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाप्रमाणे त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, आणि बाकीच्यांत बरेचसे ओळखच न पटलेले. या प्रकरणांत शिक्षा किती जणांना झाली? अगदी मोजक्याच. पोलिसांनी निम्म्याहून जास्त गुन्ह्यांना 'अ समरी' लावून फायली बंद केल्या. म्हणजे गुन्हा घडला हे खरं, करणारा काही सापडला नाही. भर वस्तीत दुकान जळतंय, अख्खी गल्ली खिडकीत उभी आहे, आणि करणारा सापडत नाही!

आता आमच्या दादरच्या सोसायटीचं सांगतो. तिसऱ्या मजल्यावर एक बोहरी कुटुंब होतं, हार्डवेअरचा धंदा. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. जानेवारीत सेक्रेटरींनी खालच्या नावांच्या पाटीवरून त्यांचं नाव ब्लेडने खरवडून काढलं. त्यांच्याच भल्यासाठी, आणि शेठनीही हात जोडून आभार मानले. तेव्हा अनेक इमारतींत असं झालं होतं. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी त्या घरातल्या बायका-मुलांना दोन रात्री आपल्या आतल्या खोलीत ठेवलं. पुरुष मंडळी गच्चीवर दगड आणि सळया जमवून पहारा देत होती. पाकिस्तानातून बोटी येणार, दुधात विष कालवलंय, अशा अफवांना ऊत आला होता. शिकलेली माणसं त्यावर विश्वास ठेवत होती.

पुढे बरीच वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे जुनी इतिवृत्तं माझ्याकडे आली. त्या वर्षीची सभा वाचली. गच्चीवरच्या हॅलोजनचा खर्च मंजूर. रात्रीच्या वॉचमनचा पगार वाढवणे. टाकीची गळती. आणि मग: "सदर सभासदाने सदनिका विकल्याने भागपत्र हस्तांतरणास सर्वानुमते मंजुरी." सूचक, अनुमोदक, सह्या. शेठ मिळेल त्या भावाला घर विकून मुसलमान वस्तीच्या मुंब्र्याला गेले होते. का गेले, हे एकानेही सभेत विचारलेलं दिसत नाही. पाटीवर नाव परत लिहायचा विषयच निघाला नाही.

त्या सभेत कोणी वाईट माणूस नव्हता. जोशीकाकूंसारखं धाडस माझ्याच्याने झालं असतं की नाही, सांगता येत नाही. पण त्याच काकू म्हणायच्या, "आमचे शेठ वेगळे हो, ते लोक म्हणजे..." आणि वाक्य अर्धवट सोडायच्या. १९९५च्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्या घरातली सगळी मतं कुठे गेली हे त्या लपवत नसत. ज्यांच्या पोरांपासून शेठच्या मुलांना लपवलं होतं, त्यांनाच. यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलंच नाही. एका शेजाऱ्याला वाचवलं की बाकीच्या शहराचा हिशेब आपल्याकडे कोणी मागू नये, अशी काहीतरी सोय मनात होऊन जाते. चाकू-तलवारीवाल्यांपेक्षा मला ही सोय जास्त कोड्यात टाकते. आणि ती फक्त आमच्या बिल्डिंगपुरती नव्हती.

"मग राधाबाई चाळीचं काय?" हा पुढचा प्रश्न, ठरलेला. जोगेश्वरीत त्या चाळीतल्या एका खोलीत हिंदू माणसांना कोंडून जाळलं. आयोगाने ते स्पष्ट लिहिलंय. त्या खटल्यातले आरोपीही शेवटी सर्वोच्च न्यायालयातून सुटले. म्हणजे न्याय त्यांनाही मिळाला नाहीच. पण राधाबाई चाळीची आठवण काढणाऱ्यांपैकी एकालाही मी तो खटला पुन्हा चालवा म्हणताना ऐकलेलं नाही. ती फक्त समोरच्याचं तोंड बंद करायला कामी येते.

आयोगाचं काय झालं, तेही थोडक्यात सांगतो. जानेवारी १९९६मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने तो गुंडाळला. ओरड झाल्यावर मे महिन्यात पुन्हा बसवला, सोबत बॉम्बस्फोटांचा विषय जोडून. १९९८ला अहवाल आला, आणि सरकारने तो हिंदूविरोधी म्हणून बाजूला सारला. न्या. श्रीकृष्ण स्वतः श्रद्धाळू हिंदू, संस्कृतचे जाणकार, पण ते असो. १९९९ला काँग्रेस-राष्ट्रवादी आली, अहवालाची अंमलबजावणी करू म्हणत. दंगलीत सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांनी केलेल्या गोळीबाराबद्दल माजी पोलीस आयुक्त रामदेव त्यागींवर गुन्हा दाखल झाला, २००३ला न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. पंधरा वर्षं ते सरकार होतं. मला यात राजकारण्यांचा फारसा राग येत नाही. या अहवालावाचून कोणाची एक जागा पडणार नाही, हे त्यांना आपल्याकडे बघूनच कळलं होतं.

नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्य सरकार तेव्हा कायदा-सुव्यवस्था राखण्यात कमी पडलं. दंगलीत बेपत्ता झालेले १६८ जण सरकारदरबारी नोंदलेले होते. त्यांतल्या १०८ जणांच्या कुटुंबांपर्यंत भरपाई पोचली नव्हती, कारण ती कुटुंबं सापडत नाहीत. त्यांना शोधा, असं न्यायालयाला सांगावं लागलं, तीस वर्षांनी. आयोगाच्या अहवालात लिहिलंय की जानेवारीत हल्लेखोर मतदारयाद्या हातात घेऊन घरं हुडकत होते. त्यांना पत्ते एका रात्रीत सापडत होते.