बोटीतले कार्पेट बदलण्यापूर्वी खालचे लाकूड पाहा

आमच्या लहान ॲल्युमिनियमच्या बोटीच्या डेकवरचे कार्पेट जागोजागी इतके झिजले होते की लव जाऊन खालची जाळी दिसत होती, आणि पाऊस थांबून चार दिवस झाले तरी त्यावर पाय ठेवला की ओल जाणवत असे. ते बदलायचे ठरवले तेव्हा हे काम दोन दिवसांत उरकेल, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात तीन आठवड्यांचे शनिवार-रविवार लागले आणि त्यांतला नवे कार्पेट चिकटवण्यात गेलेला वेळ जेमतेम एका दिवसाचा होता. बाकीचा सगळा वेळ जुने काढण्यात आणि खालचे लाकूड सुधारण्यात गेला, आणि मला वाटते तो तसाच जायला हवा.

सुरुवातीला आसने, त्यांचे खांब, पट्ट्या, कप्प्यांची झाकणे असे सगळे उतरवले. प्रत्येक वस्तू काढण्यापूर्वी तिचा फोटो घेतला आणि तिचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहिले. बॅटरीच्या तारा सोडवून पेट्रोलची टाकी बोटीबाहेर नेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते, आणि आपण तिथेच हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) चालवणार असतो, म्हणून ही खबरदारी कधीही टाळू नये.

जुने कार्पेट कोपऱ्यातून पक्कडीने धरून ओढले की बरेचसे निघते, परंतु खालचे अॅडेसिव्ह लाकडावरच राहते. हीट गनने थोडे थोडे तापवून रुंद पात्याच्या पटाशीने खरवडणे, ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटली. अॅसिटोनने उरलेले डाग निघतात, मात्र ते अत्यंत ज्वलनशील असल्याने हीट गन बंद करून, ती पूर्ण थंड झाल्यानंतर आणि मोकळ्या हवेतच वापरावे. कडांना मारलेल्या पिना एकेक करून उपटाव्या लागल्या. साध्या लोखंडाच्या पिना गंजून लाकडात तुटल्या होत्या आणि प्रत्येक पिनेभोवती लाकूड काळे पडले होते. नव्या पिना घेताना स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात, हे तेव्हाच पक्के झाले.

कार्पेट निघाल्यावर प्लायवूडवर सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहिले. मधला भाग टणक होता, पण आसनाच्या खांबाखाली आणि झाकणाच्या कडेला टोक सहज आत शिरले. याचे कारण असे की कार्पेटचे धागे स्वतः पाणी शोषत नसले, तरी धाग्यांमध्ये अडकलेले पाणी लाकडाला चिकटून राहते आणि स्क्रूच्या भोकांतून व न रंगवलेल्या कडांतून आत झिरपते. वरून निर्धोक दिसणारा डेक आतून कुजलेला असू शकतो. मऊ झालेला भाग पूर्ण कापून मी तिथे मरीन प्लायचा, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या प्लायवूडचा, तुकडा बसवला. ॲल्युमिनियमच्या बोटीत तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले प्लायवूड वापरू नये, कारण ओल मिळाली की तांब्यामुळे त्याला टेकलेले ॲल्युमिनियम खाल्ले जाते. हा तपशील मी कामाच्या आधी वाचला, याचे मला अजूनही समाधान वाटते.

नव्या-जुन्या सर्व प्लायवूडला दोन्ही बाजूंनी इपॉक्सीचे (दोन घटक मिसळून लावायच्या, कडक होणाऱ्या रेझिनचे) दोन हात दिले आणि कडांना तिसरा, कारण प्लायवूड पाणी पिते ते मुख्यतः कडांमधून. इपॉक्सी सुकल्यावर पृष्ठभागावर अनेकदा मेणचट थर येतो. तो पाण्याने पुसून, वर पॉलिश पेपर मारला नाही, तर अॅडेसिव्ह नीट धरत नाही.

कार्पेट मी पॉलिप्रॉपिलीनचे, उन्हात न विटणारे, दर चौरस मीटरला साधारण ६८० ग्रॅम वजनाचे घेतले. याहून जाड प्रकार पायाला सुखद लागतो, पण तो कोपऱ्यांत वळत नाही आणि झाकणे घट्ट बसतात. घरातले कार्पेट स्वस्त मिळते म्हणून बोटीत घालण्याचा मोह टाळावा. त्याची पाठ कधीकधी तागाची असते आणि ती ओलीत कुजते.

मापासाठी जुने कार्पेट उलटे पसरून नव्याच्या पाठीवर ठेवले आणि चहूबाजूंनी पाच सेंटीमीटर जास्त सोडून कापले. सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेला असली पाहिजे, नाहीतर उन्हात शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या रंगांचे दिसतात. माझ्या हातून एक तुकडा असा आडवा कापला गेला आणि तो टाकून द्यावा लागला.

चिकटवताना अर्धे कार्पेट मागे दुमडून, उघड्या भागावर पाण्याने न सुटणारे अॅडेसिव्ह दातेरी थापीने पसरवले, ते किंचित चिकट होईपर्यंत थांबलो, मग कार्पेट हळूहळू खाली सोडत मध्यापासून कडांकडे रोलरने दाबत गेलो. नंतर दुसरा अर्धा भाग तसाच केला. जोडावर दोन तुकडे एकमेकांवर चढवून, पोलादी पट्टीच्या आधाराने दोन्ही एकाच वेळी नव्या ब्लेडने कापले की सांधा दिसेनासा होतो. ब्लेड मात्र सारखे बदलत राहावे. बोथट ब्लेड धागे कापण्याऐवजी ओढते. झाकणांवर कार्पेट कडेवरून खाली वळवून आतल्या बाजूला पिना मारल्या, आणि कोपऱ्यांतले जादा कापड तिरके छाटले.

आसने परत बसवताना कार्पेटमधून थेट ड्रिल चालवू नये. धागा ड्रिलच्या टोकाला गुंडाळला जातो आणि क्षणात लांबच लांब ओळ उसवते. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून मी सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने आधी भोक पाडले, त्यामुळे कडेचे धागे वितळून एकमेकांना धरून राहिले. मग लाकडात भोक पाडून त्यात सीलंट भरले आणि स्क्रू पिळला. ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी लावून खोलीची खूण केली होती, कारण डेकखालून तारा जातात आणि त्याखाली बोटीचा पत्रा आहे.

अॅडेसिव्हच्या डब्यावर ४८ तास थांबण्यास सांगितले होते. मी तीन दिवस बोट झाकून ठेवली. पहिल्या मोठ्या पावसानंतर झाकण उचलून आतली प्लायवूडची कड बोटांनी चाचपली. ती पूर्ण कोरडी होती.