नवोदय: लेकीचा पेपर आणि आमचे दाखले

लेक नवोदयला, म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन सहावीला मुलं घेणाऱ्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, लागली हे कळल्यापासून गावातल्या बायका मला एकच विचारतात, "क्लास कुठला लावला होता?" क्लास लावला नव्हता म्हटलं की त्यांना मी काहीतरी लपवतेय असं वाटतं. कागदपत्रांबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि आमचा खरा घाम तिथंच निघाला.

आमचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला आहे. एका जिल्ह्याला साधारण एक नवोदय, सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 जागा. त्यातल्या निदान 75 टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना आणि एकतृतीयांश मुलींना. देशातली पहिली दोन नवोदयं 1985-86 मध्ये सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारी. नववीपासून महिन्याला 600 रुपये विकास निधी घेतात, पण मुलींना तोही माफ. आमच्या ह्यांचा टेम्पो आहे, मी घरी शिलाईकाम करते. सरांनी सैनिक स्कूलचंही सुचवलं होतं, पण तिथली फी लाखाच्या घरात. तो विषय चहा संपायच्या आत संपला.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे, पाचवीला मुलं शेजारच्या गावातल्या हायस्कूलला जातात. लेक तिसरीत असताना माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, हिला आमच्याकडं नगरला पाठवा. तिथली शाळा चांगली, नवोदयची तयारीही होईल." मनानं म्हणत होत्या. पण त्यांचं ऐकलं असतं तर ग्रामीण जागेवरचा हक्क गेला असता. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. त्यात एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरतात. चांगल्या तयारीसाठी पोराला शहरात नेणाऱ्या किती आईबापांना हे माहीत असतं? मलाही चौथीच्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. पाचवीही त्याच जिल्ह्यात शिकत असायला लागतं, आणि परीक्षा एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, हा प्रकार नाही.

फॉर्म ऑनलाइन असतो आणि फुकट असतो. सेवा केंद्रवाला घेतो ते त्याच्या मेहनतीचे, सरकारला एक रुपया द्यायचा नसतो. आमच्या वेळी 1 मे 2013 ते 31 जुलै 2015 या दरम्यान जन्मलेली मुलं बसू शकत होती. आधी एक प्रमाणपत्र छापून घ्यायचं. त्यावर मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही, आणि मुख्याध्यापकांनी भरलेली माहिती: तिसरी कुठल्या शाळेत, कुठल्या महिन्यात सुरू, कुठल्या महिन्यात संपली, ती शाळा ग्रामीण की शहरी. पाचवीच्या हेडसरांकडं गेले तर ते म्हणाले, "ताई, तिसरी-चौथीचं मी कसं लिहून देणार? जुन्या शाळेतून आणा." जुन्या शाळेत बाईंनी रजिस्टर काढून दिलं. तिथं जन्मतारीख बरोबर होती, नाव बरोबर होतं. आधारवर मात्र आडनाव आधी आणि वडलांच्या नावातलं एक अक्षर कमी. आधार दुरुस्त करून मगच फॉर्मला हात लावला. केंद्रवाला दादा म्हणत होता, "चालतंय हो, नंतर बघू." नंतर बघू म्हणणाऱ्याचं काही जात नाही.

मग आला प्रवर्गाचा रकाना. आम्ही धनगर. राज्याच्या दाखल्यावर एनटी-सी, म्हणजे भटक्या जमातींतला क गट. फॉर्मवर सर्वसाधारण, ओबीसी, एससी, एसटी एवढंच; एनटी कुठंच नाही. नवोदय केंद्र सरकारचं आणि केंद्राच्या यादीत एनटी हा वेगळा वर्ग नाहीच. महाराष्ट्रातले धनगर, वंजारी केंद्राच्या ओबीसी यादीत येतात. आमच्या वाडीतल्या एकानं एनटी सापडेना म्हणून मुलाचा फॉर्म सरळ सर्वसाधारणमध्ये भरला होता. नशीब, दुरुस्तीसाठी काही दिवस खिडकी उघडतात आणि त्यात प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, परीक्षेचं माध्यम अशा मोजक्या गोष्टी बदलता येतात. त्याला ते वेळेत कळलं.

ओबीसी लिहिणं सोपं, सिद्ध करणं अवघड. निवड झाल्यावर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला मागतात, राज्याचा दाखवून भागत नाही. आणि लेकीच्या नावावर तर राज्याचाही दाखला नव्हता. त्यासाठी 1961 च्या आधीची जातीची नोंद हवी. माझे सासरे शाळेतच गेले नाहीत, जन्मभर मेंढरांमागं. त्यांचे एक चुलते मात्र दुसरीपर्यंत शिकलेले निघाले. मग त्या चुलत्यांच्या शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, आमच्यापर्यंत येणारी वंशावळ, त्यावर प्रतिज्ञापत्र, तलाठी भाऊसाहेबांचा उत्पन्नाचा अहवाल. रजिस्टरचं ते पान मी बघितलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण जातीचा रकाना शाबूत. मोडीच्या वळणाचं अक्षर होतं, गुरुजींनी भिंग लावून वाचून दिलं. एका कार्यालयात आमची फाइल दोनदा हरवली आणि दोन्ही वेळा त्याच टेबलाखाली सापडली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सांगायचं एवढंच की हे सगळं आम्ही फॉर्म भरल्याबरोबर हाती घेतलं, निकालाची वाट बघत बसलो नाही. यादी लागल्यावर धावपळ सुरू केली असती तर मुदतीत दाखला हातात पडलाच नसता.

आता अभ्यासाचं. पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण. त्यात बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न, गणिताचे 20, भाषेचे 20. म्हणजे निम्मा पेपर नुसत्या आकृत्यांचा. वेगळी आकृती ओळखा, तंतोतंत जुळणारी शोधा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, असे दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. गणित म्हणजे लसावि, मसावि, नफा-तोटा, क्षेत्रफळ असलं. हे पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या अभ्यासात बरंचसं येतं आणि शाळेत सर ते तासाआधी अर्धा तास घेतच होते. भाषेला मराठीतले उतारे, त्याखाली प्रश्न. माध्यम मराठी निवडलं की प्रश्नपत्रिका मराठीत मिळते. इंग्रजीवाचून अडेल असं म्हणून कितीतरी लोक फॉर्मच भरत नाहीत, ते उगीच.

लेकीचं घोडं अडलं घडीच्या प्रश्नांत. चौकोनी कागदाला अशी घडी, मग तशी घडी, कोपऱ्याशी भोक पाडलं, आता उघडल्यावर कसा दिसेल? चार पर्याय, चारही सारखेच वाटणारे. ती अंदाजानं खुणा करायची. सरांनी फळ्यावर काढून दाखवलं तरी डोक्यात शिरेना. एकदा मी ब्लाउजचा गळा कापत होते आणि ती शेजारी पुस्तक घेऊन बसलेली. कापड दुमडून घडीच्या बाजूनं मी अर्धाच गळा कापते, उघडला की पूर्ण. तिला म्हटलं, "उघडायच्या आधी सांग, कसा दिसेल?" तिनं बरोबर सांगितलं. मग चिंधीची दुहेरी घडी घातली, घडीच्या टोकाशी एक छोटी कात्री मारली. "आता?" तिनं जरा थांबून बोटानं मधोमध दाखवलं. "मम्मी, एकच भोक. मधी." घडीपासून लांब कात्री मारली की चार भोकं, घडीवर मारली की दोन. बाह्या कापताना डावी-उजवी उलटी कशी होते हेही तिनं त्यातच बघितलं, आणि आरशाचे प्रश्न आपसूक सुटायला लागले. पुढं कितीतरी दिवस माझ्या चिंध्यांच्या पिशवीत भोकांचीच कापडं निघायची. गिऱ्हाइकाच्या अस्तरावरही एकदा प्रयोग झाला, तो पैसा आमच्या खिशातून गेला.

तालुक्याच्या गावी एका क्लासच्या बोर्डावर 'हमखास निवड' असं लिहिलं होतं. फीचा आकडा ऐकून हे तसेच माघारी आले. मला विचाराल तर क्लास वाईट नसतो, पण 'हमखास' म्हणणाऱ्याकडं पोर देऊ नये. जुने पेपर सोडवायला, घड्याळ लावून बसवायला आणि चुकलेलं परत करायला सांगायला घरात कुणीतरी हवं. वाचन हवं. माझी लेक भडंग बांधून आलेला कागदसुद्धा वाचते. भाषेचे गुण तिला तिथून मिळाले असं माझं मत. आणखी एक गोष्ट करून घेतली, ती उत्तरपत्रिकेवरचे गोळे रंगवायची. बॉलपेनानं भरायचं, खोडता येत नाही, चुकीच्या ओळीत गेलं की पुढचं सगळं सरकतं. उत्तर चुकलं म्हणून गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोळा कोरा सोडायचा नाही हे तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

तिची परीक्षा जानेवारीतल्या एका शनिवारी, साडेअकराला होती. प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढल्या होत्या. केंद्राबाहेर जत्रा भरलेली. एक बाप पोराला फाटकात उभं करून सरळव्याजाचं सूत्र म्हणायला लावत होता आणि पोरगं रडत होतं. आम्ही लेकीला भाकरी-पिठलं खाऊ घालून आत सोडलं. दीडला बाहेर आली ती चिडूनच, "शेजारच्या पोरानं पूर्ण वेळ पाय हलवून बाक हलवला." पेपर कसा गेला हे तिनं संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही.

मार्चमध्ये यादी लागली. तिचं नाव नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, पोर घरी राहील," आणि देवापुढं साखर ठेवली. लेक काही बोलली नाही, पण नवोदयची पुस्तकं तिनं स्वतःच बांधून माळ्यावर टाकली. हायस्कूलला सहावी सुरू झाली, वह्या घेतल्या, कव्हरं घातली. आणि शाळा चांगली रुळल्यावर ह्यांच्या मोबाइलवर नवोदयमधून फोन आला: प्रतीक्षा यादीत नाव आहे, जागा रिकामी झाली आहे, कागदपत्रं घेऊन अमुक तारखेच्या आत या. पहिल्या यादीतली काही मुलं येत नाहीत, काहींचे दाखले टिकत नाहीत, त्या जागा खाली सरकतात. फॉर्मवर दुकानदाराचा किंवा केंद्रवाल्याचा नंबर टाकलेला असता तर हा फोन आम्हाला आलाच नसता. आमच्या तालुक्यातल्या एका घरी असंच झालं.

दाखल्यांची फाइल तयार होती. जन्माचा दाखला, रहिवासी, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी, ग्रामीण शिक्षणाचं हेडसरांचं प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी, शाळा सोडल्याचा दाखला. तपासणाऱ्या मॅडमनी जातीचा दाखला उलटसुलट बघितला, नमुना बघितला आणि बाजूला ठेवला. माझा श्वास तेव्हा सुटला.

एका कागदावर मात्र ह्यांचा हात थांबला. नववीत वर्गातली साधारण 30 टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, हिंदी भाषक भागातली इकडं आणि इकडची तिकडं. त्याला पालकांची आधीच संमती लागते. घरी यावरून दोन रात्री चर्चा झालेली होती. सासूबाईंचं म्हणणं, "पोरीची जात, परमुलखात कशाला?" त्यावर माझे सासरे, जे एरवी घरातल्या वादात पडत नाहीत, ते म्हणाले, "मी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचो, तवा कुणी इचारलं व्हतं का?" सही झाली.

पेटी, कुलूप, बादली एवढं आम्ही घेतलं, बाकी शाळेनं दिलं. तिला शिवालिक सदन मिळालं. सगळ्या नवोदयांत सदनं, म्हणजे मुलांचे गट, हीच चार: अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. पहिला महिना वाईट गेला, तिचाही आणि आमचाही. फोनवर नुसती रडायची. दिवाळीला आली तेव्हा मैत्रिणींचीच नावं सांगत होती, आणि पहाटे साडेपाचला आपोआप उठून सगळ्यांची झोपमोड करत होती.

आता माझ्या चुलत जावेचा मुलगा चौथीत आहे. परवा ती ब्लाउज टाकायला आली आणि विचारलं, "ताई, किती मार्क पडले म्हणजे नंबर लागतो?" म्हटलं, ते दर वर्षी, दर जिल्ह्याला बदलतं. तू आधी त्याचं आधार आण, शाळेतल्या नावाशी ताडून बघू. तर म्हणाली, आधार सापडत नाही, मुंबईला दिराकडं राहिलंय बहुतेक. म्हटलं मग ब्लाउज पुढच्या आठवड्यात, आधी दिराला फोन लाव.