चहाच्या वेळेला पडणारी डिस्क

मामाची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत आहे आणि पेढीवरच्या कॉम्प्युटरचं मी बघते. २०२४ च्या जूनमध्ये त्या मशीनवर लिनक्सचा कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपडेट होऊन ६.८ वरून ६.९ वर गेला. चौथ्या दिवशी दिवाणजींचा फोन. "ताई, मालाच्या हिशेबाची पट्टी सेव्ह होईना झालीय. शेतकरी समोर उभा हाय."

जाऊन बघितलं तर माऊस हलत होता, स्क्रीन जिवंत होती, पण डिस्कवर एक अक्षर लिहिलं जात नव्हतं. डिस्कवरच्या फाइलींची व्यवस्था बघणाऱ्या ईएक्सटी४ ने चूक दिसताच फाइलसिस्टीम रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करून टाकली होती. मशीन बंद करून चालू केलं की सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी पहिली पंचाईत म्हणजे पुरावाच हाती लागत नाही. लॉग, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, जिथे लिहायचा ती डिस्कच गेलेली. म्हणून नेटकन्सोल लावला. त्यात कर्नेलचे संदेश डिस्कवर न जाता यूडीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, थेट दुसऱ्या मशीनकडे जातात. वायफायवर तो चालत नाही, त्यामुळे लॅपटॉप लॅन केबलने जोडून ६६६६ पोर्टवर ऐकत ठेवला. पुढच्या खेपेला सगळं पकडलं गेलं: 'राइट एफपीडीएमए क्यूड' ही डिस्कवर लिहिण्याची कमांड फसली, पोर्ट 'फ्रोझन' म्हणजे गोठलेला, मग 'हार्ड रिसेटिंग लिंक', म्हणजे डिस्कशी जोडणी नव्याने सुरू करण्याचा प्रयत्न, तीन-चारदा, वेग ६ गिगाबिटवरून ३ वर, आणि शेवटी डिस्क बाद.

सगळ्यात आधी केबल बदलली. खरं तर स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला, १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे केबलवरून जाताना माहिती बिघडल्याच्या सीआरसी चुकांची मोजणी, आधी बघायला हवा होता. तो शून्य होता. केबल खराब असती तर तिथे काहीतरी दिसलं असतं. ६.८ बूट केला तर आठवडाभर तक्रार नाही. म्हणजे प्रश्न कर्नेलच्या बदलातच होता. पेढीवर दुसरं मशीन बसवून हे विश्रामबागला घरी आणलं.

६.८ ते ६.९ मध्ये पंधरा हजारांहून जास्त बदल आहेत. दोषी बदल शोधायचं गिट बायसेक्ट हे साधन त्यांचा मध्य काढून देतं. तिथला कर्नेल बांधायचा (म्हणजे कोडपासून तयार करायचा), चालवायचा आणि 'चांगला' की 'वाईट' ते सांगायचं. दर वेळी उरलेले निम्मे गळतात, म्हणून चौदा पायऱ्यांत एकच बदल उरायला हवा. बांधणी लवकर व्हावी म्हणून लोकलमॉडकॉन्फिग या सोयीने त्या मशीनला लागतात तेवढेच ड्रायव्हर ठेवले होते. प्रत्येक कर्नेलवर तासभर फिओ या चाचणीच्या प्रोग्रामने डिस्कवर जोरात वाचन-लेखन करायचे आणि टिकला की 'चांगला' म्हणायचे. उरला तो बदल एका साउंड कार्डच्या ड्रायव्हरमधला निघाला. माझ्या बांधणीत ती फाइल कंपाइलसुद्धा होत नव्हती! चार दिवसांचं काम वाया. बायसेक्टला एकदा चुकीचं उत्तर दिलं की ते तक्रार करत नाही, शांतपणे चुकीच्या वाटेला लावतं.

वाट दाखवली दिवाणजींनी. त्यांचं घर गावभागात. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी रोज वहीत लिहायची त्यांची फार जुनी सवय आहे. पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे गावभागात लहान पोरालाही पाठ असतं. त्याच वहीत त्यांनी मशीन पडल्याच्या वेळाही लिहून ठेवल्या होत्या. मी वही मागितली तेव्हा म्हणाले, "काम चालू असताना एकदाबी पडलं न्हाई बघा. आम्ही चहाला गेलो, जेवाय बसलो, की पडतंय."

नऊ नोंदी होत्या. सगळ्या सकाळच्या चहाच्या, जेवणाच्या किंवा दुपारच्या चहाच्या सुमाराच्या.

मी तासन् तास डिस्कला दामटत होते आणि ती तर विसाव्यात पडत होती. साटा लिंक, म्हणजे डिस्क आणि मशीन यांच्यातली जोडणी, रिकामी राहिली की वीज वाचवायला झोपते. पार्शल नावाची डुलकी असते, तिच्यातून १० मायक्रोसेकंदांत उठावं लागतं. स्लंबर ही गाढ झोप, तिथून १० मिलिसेकंदांत. फिओ चालू असताना लिंकला झोपायला सवडच मिळत नाही. माझी चाचणी नेमकी तीच जागा झाकत होती.

दुसऱ्यांदा बायसेक्ट केलं तेव्हा चाचणी बदलली. मशीन चालू करून नुसतं सोडून द्यायचं. वाईट कर्नेल बहुतेक चाळीस मिनिटांत पडायचा, पण 'चांगला' म्हणायच्या आधी मी तीन तास थांबायचे. आठवडा गेला. बाहेर पाऊस थांबत नव्हता.

या वेळी उरला तो बदल एएचसीआय ड्रायव्हरमधला, म्हणजे साटा कंट्रोलर चालवणाऱ्या ड्रायव्हरमधला, होता. लिंकची वीज वाचवण्याचं धोरण आधी काही निवडक कंट्रोलरांना, मुख्यतः लॅपटॉपमधल्यांना, लागू व्हायचं. तो भेद ६.९ मध्ये काढला आणि पेढीवरच्या डेस्कटॉपचा कंट्रोलरही त्यात आला. मग दोन्ही बाजूंनी ताडून बघितलं. ६.९ वर धोरण हाताने 'मॅक्स परफॉर्मन्स', म्हणजे लिंकला झोपूच न देणारं, केलं तर दोन दिवस पडला नाही. ६.८ वर हाताने झोपेचं धोरण लावलं तर अर्ध्या तासात पडला. या दुसऱ्या तपासाने मला जास्त समाधान दिलं. झोपेतून नीट न उठणं हा डिस्कच्या फर्मवेअरचाच दोष होता आणि जुन्या कर्नेलवरही तो तिथेच होता, फक्त डिस्कला कुणी झोपवत नव्हतं.

मग चूक डिस्कची म्हणून गप्प बसायचं का? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं सांगत आलेत की अपडेटने वापरणाऱ्याचं चालतं काम मोडलं तर ते रिग्रेशनच, म्हणजे कर्नेलचाच बिघाड. मला हे मनापासून पटतं. पट्टीसाठी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांच्यातला वाद सांगून काय उपयोग?

अशा डिस्कसाठी लिबएटीएमध्ये, म्हणजे कर्नेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागात, मॉडेलनुसार एक यादी असते. यादीत नाव आलं की त्या डिस्कला झोपवायचं नाही. मी ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना मॉडेल, फर्मवेअरचा क्रमांक, बायसेक्टचा निकाल आणि दोन्ही बाजूंचे लॉग पाठवले. चाचणी कशी घेतली तेही सविस्तर लिहिलं, कारण कुणी पुन्हा फिओ लावून बघितलं असतं तर त्याला काहीच सापडलं नसतं. तोवर बूटच्या ओळीत 'लिबएटीए.फोर्स' ला 'नोएलपीएम', म्हणजे लिंकला झोपवू नको, असं देऊन मशीन पेढीवर परत नेलं.

दिवाणजींनी वहीत तारीख टाकली, त्याखाली 'मशीन आले' असं लिहिलं, आणि त्याच्या खालच्या ओळीत त्या दिवशीची पुलाची पातळी.