दुसऱ्याच्या वाक्याला हात लावताना

मंगळवार, रात्री उशिरा

आज दुपारी आम्ही सगळे ऑनलाइन मिळून लिहितो त्या अहवालाच्या फाइलमध्ये माझ्या परिच्छेदाशेजारी तिचा कर्सर बराच वेळ लुकलुकत होता. टीममध्ये ती नवीन आहे. दोन-चार अक्षरं उमटायची, लगेच पुसली जायची. शेवटी चॅटवर फक्त मला मेसेज आला: "तिसऱ्या ओळीतला आकडा मागच्या तिमाहीचा आहे का? तुम्ही बदलाल?"

आकडा खरंच जुना होता. मी फोन केला, तर म्हणाली, "तुमचं लिहिलेलं मी कसं खोडणार?"

तिचा संकोच मला कळला. मीही ईमेलवर फाइल फिरवतच काम शिकले. फाइल ज्याच्याकडे, पाळी त्याची. एकदा दोघांनी दोन वेगळ्या प्रतींवर काम केलं होतं, त्या जुळवण्यात आख्खी संध्याकाळ गेली.

एकाच मजकुरावर एकाच वेळी अनेकांनी कसं काम करायचं, हा प्रश्न यंत्रापुरता केव्हाच सुटलाय. अमेरिकी संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत, दूर मेन्लो पार्क गावी बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखवलं. १९८९ मध्ये एलिस आणि गिब्ज या संगणक संशोधकांनी एकाच वेळी झालेले बदल जुळवण्याची रीत मांडली: तिने माझ्या आधी पाच अक्षरं घातली, तर माझा बदल आपोआप पाच घरं पुढे सरकतो. पण साधनांबरोबर माणसांच्या कामाच्या पद्धतीही बदलायला हव्यात, असा एंगेलबार्ट यांचा आग्रह होता. तो मला फार मोलाचा वाटतो.

मग स्क्रीन शेअर करून तिला सजेशन मोड दाखवला. तिचा बदल वेगळ्या रंगात, तिच्या नावासह दिसतो. मी मान्य केला तरच पक्का होतो. व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाइलच्या जुन्या रूपांच्या नोंदीत जाऊन सोमवारचा मजकूर परत आणून दाखवला, तेव्हा कुठे तिचा आवाज मोकळा झाला.

एक मात्र बजावून सांगितलं. हिस्टरीत कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. का बदललं ते दिसत नाही. ते कमेंटमध्ये लिही. आणि चूक मला एकटीला कळवू नकोस. तोच आकडा आणखी कोणी उचलला असेल, तर त्यांना कसं कळणार?

आता झोपण्याआधी फाइल उघडली. आकडा सुधारलाय, खाली कमेंट आहे: "नवीन तिमाहीचा तक्ता पाहून बदलला." दोघांना टॅग करून विचारलंय, "तुमच्याकडेही जुनाच आकडा आहे का?"

एकाचं उत्तर आलंय: "हो. उद्या सकाळी बदलतो."