सोळा की सतरा

शनिवार, रात्र

उद्या सायकलची टाइम ट्रायल आहे. बेळगावजवळचं हिंडलगा सोडलं की सुरुवात, वेंगुर्ला रोडने दहा किलोमीटर शिनोळीच्या दिशेला जायचं, वळायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. एकेकाला एक मिनिटाच्या अंतराने सोडतात. कुणाच्या मागे दडून वारा चुकवायचा नाही, आपण आणि घड्याळ एवढंच.

कामावरून आलो तो मागचं चाक मांडीवर घेऊन बसलोय. समोर दोन चकत्या आहेत, एक सोळा दातांची, एक सतराची. पुढचं चेनव्हील ४८ चं, ते बदलायचं नाही. गियरच्या सायकलवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, ते रस्त्यावर ठरवतात. फिक्सवाल्याला आदल्या रात्रीच ठरवावं लागतं. फिक्स म्हणजे एकच गियर, आणि फ्रीव्हील नसल्यामुळे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडल फिरतंय तोवर पाय.

हिशेब साधा आहे. ७०० बाय २५ चा टायर एका फेरीत साधारण २.१ मीटर जातो. ४८ भागिले १६ म्हणजे ३, तेव्हा पेडलच्या एका फेरीला ६.३ मीटर. १७ ने भागलं तर ५.९ मीटर. एका फेरीमागे ३७ सेंटीमीटरचा फरक, त्यासाठी निम्मी रात्र चालली आहे.

खरी गोम वाऱ्याची आहे. थंडीत सकाळी आमच्या पठारावर वारा पूर्वेकडून येतो. म्हणजे उद्या जाताना पाठीवर, येताना छातीवर. पाठीवरच्या वाऱ्यात ताशी ४० किलोमीटरचा वेग धरला तर सोळावर मिनिटाला १०६ फेऱ्या पडतात, सतरावर ११२. येताना वेग ३० वर आला तर तेच आकडे ७९ आणि ८४. जाताना सोळा पाहिजे, येताना सतरा, आणि चाक एकच. तसे माझ्या हबला दोन्ही बाजूंनी आटे आहेत, उतरून चाक उलटं घातलं की दुसरा गियर. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर गियर बदलणाऱ्या यंत्राला, परवानगी नव्हती, तेव्हा घाटाच्या पायथ्याला उतरून चाक उलटं घालायचे. पण २० किलोमीटरच्या शर्यतीत मी चाक उलटं करेपर्यंत मागचे चौघे पुढे गेलेले असतील.

शेवटी सतरावर आलोय, आणि का ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या सकाळी पुन्हा डोकं फिरायला नको. १० किलोमीटर ४० ने गेलो तर १५ मिनिटं, परत ३० ने आलो तर २० मिनिटं, एकूण ३५. वारा नसता आणि दोन्हीकडे ३५ च्या वेगाने गेलो असतो तर ३४ मिनिटं १७ सेकंद लागली असती. वारा जाताना जे देतो ते येताना व्याजासकट वसूल करतो, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. मग गियरही त्या अर्ध्या रस्त्याला सोयीचा हवा.

सतराचा आणखी एक गुण आहे, मला उपयोग नसला तरी. काही पोरं ब्रेकच लावत नाहीत, पाय रोखून मागचं चाक घासत थांबतात. ४८ ला १६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे टायर दर वेळी एकाच जागी रस्त्याला घासतो आणि महिनाभरात तिथे भोक. १७ ने भाग जात नाही, त्यामुळे झीज सतरा जागांवर वाटली जाते. मी पुढे ब्रेक लावतो आणि तोच वापरतो. बेळगावच्या रहदारीत बिनब्रेकची सायकल हा शहाणपणाचा प्रकार नव्हे.

चकती चढवणं हे माझं आवडतं काम. उद्यमबागेत दिवसभर लेथवर आटे पाडतो, घरी आल्यावर हे दोन आटे हाताळायला मिळतात. चकती उजव्या आट्यावर बसते, पेडल मारू तशी आवळत जाते. पण फिक्समध्ये पाय मागे रोखला की ती सैल व्हायला बघते. म्हणून तिच्या डोक्यावर लॉकरिंग, म्हणजे तिला अडवणारी कडी, आणि त्या कडीचे आटे डावे. चकती ज्या बाजूने सुटू पाहते त्याच बाजूने लॉकरिंग आवळली जाते. चकती आवळायला लोखंडी पट्टीला चेनचा तुकडा रिव्हेट करून हत्यार केलंय. पट्टीवर सगळं वजन टाकलं की चकती अजून एक केसभर फिरते, मग बारीक करकर होते आणि बसते. मग लॉकरिंग. मग चाक फ्रेममध्ये मागे ओढून चेन ताणायची, मध्यावर बोटाने दाबली तर अर्धा इंच खाली गेली पाहिजे. एक पथ्य कायम: चाक फिरवत चेनला फडका धरायचा नाही. फिक्सची चेन थांबत नाही, फडक्यासकट बोट आत घेते.

शहापूरचे सायकलवाले मामा मघाशी डोकावून गेले. त्यांची सगळी हयात दुधवाल्यांच्या सायकलींच्या चाकांचे आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात गेली. चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "फ्रायव्हील काढून टाकलास ते टाकलास. आता उतारावर पाय कुठं ठेवणार रे बा?"

प्रश्न अगदी बरोबर आहे.


रविवार, दुपार

३३ मिनिटं ५१ सेकंद. आधी आकडा लिहून टाकला.

फिक्सवर सुटतानाच नखरे असतात. गियरवाला पेडल उलटं फिरवून हव्या त्या जागी आणतो, मला मागचं चाक उचलून फिरवावं लागतं. मग कुणीतरी सीट धरतो, दोन्ही पाय पेडलमध्ये अडकतात आणि घड्याळवाला मोजू लागतो. आजचा गृहस्थ कन्नड बोलणारा होता: ऐदु, नाल्कु, मूरु, एरडु, ओंदु. पहिले शंभर मीटर सायकल जागची हलत नाही असं वाटतं. तिथे उभं राहून दाबायचं, पण मोजून, कारण पुढे फेड करायची असते.

जाताना वारा ठरल्याप्रमाणे पाठीवर. रस्त्यावर रात्रीच्या ट्रॉल्यांतून सांडलेल्या उसाच्या कांड्या होत्या. गियरवाला पाय थांबवून, सायकल सैल सोडून त्यावरून जातो. मला पाय फिरवतच रेष निवडावी लागते. एक कांडी चुकवता आली नाही, पुढचं चाक टणकन उडालं, आणि पाय तरीही फिरतच होते.

मधल्या उतारावर मामा आठवले. लोकांना वाटतं एका गियरवर चढ अवघड. चढाचं काय, वेग कमी होतो, दात खाऊन दाबायचं, माथा येतोच. उताराला मात्र उपाय नाही. सतरावर ५० चा वेग म्हणजे मिनिटाला १४० फेऱ्या. तिथे ताकद काही कामाची नसते. पाय दाबत नाहीत, पेडलच पायांना ओढून नेतं. जरा आखडलात की कंबर सीटवर आपटायला लागते, आणि ती आपटू लागली की हँडल थरथरतं. खांदे सोडायचे, बोटं सैल करायची, घोटे सैल करायचे आणि पायांना जाऊ द्यायचं. जोर न लावता वेगात फिरवणं हे लेथवाल्याला समजायला हवं, पण समजायला मला दोन हिवाळे गेले. आज उताराच्या शेवटी ब्रेकला फक्त बोट टेकवलं, दाबला नाही. आकड्यापेक्षा मला याचा आनंद जास्त आहे.

उतार संपता संपता मागच्या मिनिटाला सुटलेला मुलगा बाजूने निघून गेला. रामदुर्ग तालुक्यातल्या चंदरगीच्या क्रीडा शाळेत शिकलेला, गियरची सायकल, पाठ पाटासारखी सपाट. बेळगाव, विजापूर, बागलकोट या पट्ट्यातून निघणारी सायकलपटू पोरं वेगळ्याच मातीची असतात, त्यांच्याकडून मागे पडण्यात लाज नाही. नियमाप्रमाणे मी बाजूला सरकून अंतर सोडलं.

हद्दीजवळचं वळण. पाय थांबवता येत नाहीत म्हणजे वळतानाही पेडल फिरणार, आणि सायकल कलली की आतल्या बाजूचं पेडल रस्त्याला टेकणार. यासाठीच १६५ मिलिमीटरचे आखूड क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, घेतलेत. तरी वेग पार खाली आणूनच वळावं लागतं. तिथे माझे गियरवाल्यांपेक्षा चार सेकंद जास्त जात असतील, असू देत.

परतीला वारा तोंडावर आला आणि सतराने पैसे वसूल केले. पुढच्या दोघांचे पाय जड पडताना दिसत होते, माझे ८८-९० वर फिरत राहिले. फिक्समध्ये एक मजा आहे, वरच्या बिंदूला पाय अडखळला तर चाकच त्याला ओलांडून नेतं. त्यात फुकटची शक्ती काही नाही, आपलीच ती. पण लय तुटत नाही, आणि समोरच्या वाऱ्यात लय तुटली की मग ती परत जुळत नाही.

शेवटी सगळे चहाला थांबलो. चंदरगीच्या पोराने माझी सायकल उचलून बघितली, चकतीचे दात मोजले. "एष्टु आत री?" किती वेळ लागला ते सांगितलं. "हदिनेळरागा?" हो, सतरावरच. त्याने पेडल उलटं फिरवून बघितलं, चाक उलटं फिरलं, आणि तो हसायला लागला.


सोमवार

गावात सायकलचं नाव काढलं की जुन्या माणसांना १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची सायकल फेरी आठवते आणि १९५६ म्हटलं की राज्य पुनर्रचना. आमच्या घरात त्या वर्षाला दुसरा अर्थच नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या रे बूटीने फिक्स गियरवर १०० मैल चार तासांच्या आत पूर्ण केले: ३ तास ५८ मिनिटं २८ सेकंद. त्याआधी शर्यतीत कुणाला ते जमलं नव्हतं. त्याचा गियर ८४ इंची. इंचाचं हे माप उंच चाकाच्या जुन्या सायकलींपासून आलंय, तेवढ्या व्यासाचं चाक थेट पायाने फिरवतोय असं समजायचं. माझं गणित ४८ भागिले १७ गुणिले २७, म्हणजे ७६ इंच. बूटीचा सरासरी वेग ताशी ४०.५ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला शंभराच्या आसपास फेऱ्या, जवळजवळ चार तास. काल मी ३३ मिनिटांत जीभ बाहेर काढली होती.

आणि पहाटे, गुपचूप, एकेकट्याने सोडण्याची ही पद्धतही तिथलीच. १८९० मध्ये तिथल्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यती बंद केल्या, कारण पोलीस मागे लागायचे. १८९५ मध्ये बिडलेक नावाच्या माणसाने ५० मैलांची शर्यत अशी भरवली की बघणाऱ्याला शर्यत वाटूच नये. पुढे कितीतरी वर्षं तिथले स्पर्धक नखशिखांत काळ्या कपड्यांत असायचे आणि रस्त्याचं नाव सांकेतिक अक्षरांत लिहिलं जायचं. आमच्या रविवारच्या प्रकारालाही हे लागू आहे. ट्रक वाढायच्या आत आटपायचं, हाच आमचा परवाना.


बुधवार

चंदरगीच्या पोराचा निरोप आला, चाक दोन आठवड्यांसाठी पाहिजे, पायांची लय सुधारायला. देतो म्हटलं. त्याच्या फ्रेमला मागे चाक सरकवायला जागा नाही, चेन ताणता येणार नाही, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. म्हणजे चाक नुसतं देऊन भागणार नाही, फ्रेमही द्यावी लागेल. मग मी काय चालवू? मामांकडे एक जुनी फ्रेम टांगलेली आहे, मागची खाच आडवी. विचारलं तर म्हणाले, "घे की. पण सोळाच लाव. सतरा बाईमाणसाची." त्यांच्या शेजारी बसलेल्या मामींनी त्यांच्याकडे असं बघितलं की मामा उठून पंपाचा वॉशर शोधायला लागले.

फ्रेम घेऊन आलोय. सतराच लावणार आहे.