नीलमोहर अपडेट: काठी सोडली आणि झाड आडवं

माझ्या नीलमोहराचा (जॅकरंडाचा) शेंडा तुटल्यावर खालून ५ पाणफुटवे (सरळ वर धावणारे जोमदार कोंब) आले, त्यातला दणकट एक ठेवला बाकी उडवले, इथपर्यंत मागच्या वेळी सांगितलं होतं. तो फुटवा बघता बघता माझ्या डोक्याच्या वर गेला! म्हणून रविवारी मोठ्या उत्साहाने आधाराची काठी सोडली, तर झाड हळूहळू वाकत शेंडा पार जमिनीला टेकला. पोटात गोळाच आला.

दोन दिवस त्याच्याभोवती फिरतेय आणि आता कळतंय काय झालं ते. एक तर मी काठीला ३ ठिकाणी घट्ट बांधलं होतं, आणि खोड वाऱ्यात हललं की जास्त जाड होतं ना, याला मी हलूच दिलं नाही. त्यात खोड सरळसोट दिसावं म्हणून खालच्या सगळ्या फांद्या साफ केल्या. चूकच ती, खालचं खोड भरायला तिथलीच पानं लागतात. वर युरिया, मग काय, नुसती उंची.

काठी परत लावलीये, पण आता एकच बांध. खोड हातात धरून हात वर वर न्यायचा, जिथे धरल्यावर शेंडा आपोआप उभा राहतो त्याच्या थोडं वर बांधायचं, काठी आणि खोडाभोवती आठच्या आकड्यासारखं, सैल. जुन्या सुती कापडाची पट्टीच वापरा, प्लॅस्टिकच्या टायने माझ्या झाडाची साल कापली गेलीये.

शेंडा तिसरा हिस्सा छाटायचा असं ठरवलं होतं, सिकेटर (छाटणीची कात्री) पण काढून ठेवला होता, पण लिहिता लिहिता वाटतंय की नको. नीलमोहराचा शेंडा मारला की परत पाणफुटव्यांची फौज, म्हणजे पुन्हा तेच. त्यापेक्षा वरची मोठी पानं अर्धी अर्धी कापते, वजन आणि वारा दोन्ही कमी होईल. आणि खाली जे डोळे फुटतील ते ठेवणार, फूटभर झाले की फक्त टोक खुडायचं, खोड भरल्यावर काढू. युरिया बंद.

आणि हो, रात्रभर भिजवलेल्या नीलमोहराच्या १२ बियांपैकी ९ उगवल्या!! नेच्यासारखी इवलीशी पानं आलीयेत, सकाळी उठल्यावर आधी तिकडेच जाते. बियांच्या झाडाला फुलं यायला ७ वर्षं किंवा जास्तही लागतात, चालेल मला. यांना काठी लावणारच नाहीये.

मोठ्याच्या खोडावर जमिनीपासून ३० सेंमीवर रंगाची खूण केलीये, आत्ता घेर ९ सेंमी आहे. महिन्याने तिथेच मोजून सांगते.