टॅम्पिनीसचे घर आणि कोट्यात अडकलेले पाच आठवडे

सिंगापूरला नोकरीसाठी येण्याचे ठरले तेव्हा आमच्या आधी इथे आलेल्या जवळपास प्रत्येकाने एकच सल्ला दिला होता: बेट लहान आहे, मेट्रो सगळीकडे जाते, तेव्हा कुठेही घर घेतले तरी फरक पडत नाही. हा सल्ला कुणी मानू नये, असे मला मनापासून वाटते. शाळेत जाणारे मूल आणि रोज सकाळी गाठायचे ऑफिस या दोन गोष्टी एकत्र आल्या की फरक पडतो, आणि चांगलाच पडतो.

माझे ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये, म्हणजे एक्स्पो स्टेशनजवळ. सहा वर्षांच्या मुलीला बेडोकजवळच्या चाय ची भागातील एका भारतीय शाळेत प्रवेश मिळाला होता. साहजिकच पूर्वेकडचा भाग ठरला. पुंगोलची खाडीकाठची नवी वस्ती आम्हाला पाहताक्षणी आवडली, आणि नकाशावर ती ऑफिसपासून फार लांबही दिसत नाही. परंतु मेट्रोने जायचे तर आधी सेरांगूनपर्यंत खाली यायचे, तिथून सर्कल मार्गाने मॅकफर्सन गाठायचे आणि मग डाउनटाउन मार्गाने पुन्हा पूर्वेकडे वळायचे. पुंगोल आणि पासिर रिस यांना थेट जोडणारा रेल्वेमार्ग 2032 मध्ये अपेक्षित आहे, तोपर्यंत मुलगी शाळेच्या वरच्या वर्गात गेलेली असेल. पासिर रिसला समुद्र आहे, मोठे उद्यान आहे, मुलीने तर तिथेच राहायचा हट्ट धरला होता. पण शाळेची बस तिथल्या मुलांना सर्वांत आधी उचलते, हे कळल्यावर आम्ही तो विचार सोडला. उरले टॅम्पिनीस. नगर वाचनालय, जलतरण तलाव, बाजार असे सगळे चालण्याच्या अंतरावर होते. निवड एका संध्याकाळी झाली.

त्यानंतरचे पाच आठवडे मात्र मी अजून विसरू शकलेले नाही.

आम्हाला सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीतला, म्हणजे एचडीबीचा, फोर-रूम फ्लॅट हवा होता. इथे बैठकीची खोलीही मोजतात, त्यामुळे फोर-रूम म्हणजे आपल्या हिशेबाने तीन बेडरूमचे घर. आठव्या मजल्यावरचे एक घर आम्हाला मिळाले. मालकीणबाई सत्तरीच्या चिनी आजी होत्या. भारतीय भाडेकरू म्हटल्यावर अनेक मालक आधी स्वयंपाकाचेच विचारतात आणि ‘लाइट कुकिंग’ची अट घालतात, या आजींनीही विचारले, पण उत्तर ऐकण्याआधीच स्वयंपाकघराची मोठी खिडकी उघडून दाखवली आणि खुणेने सांगितले, की फोडणी करताना ही उघडी ठेवायची. मला तिथेच रडू आल्यासारखे झाले. भाडे महिना 3,200 डॉलर ठरले, इरादापत्रावर सह्या झाल्या, एक महिन्याचे भाडे विसार म्हणून भरले.

बारा दिवसांनी एजंटचा निरोप आला: मंजुरी मिळणार नाही, कोटा भरला आहे.

हा कोटा काय असतो, हे तोपर्यंत आम्हाला कुणीही सांगितले नव्हते. परदेशी लोकांची एकाच ठिकाणी दाटी होऊ नये, म्हणून 2014 पासून एचडीबीचे पूर्ण घर परदेशी भाडेकरूला द्यायचे असेल तर त्याला मर्यादा आहे: एका ब्लॉकमधल्या, म्हणजे एका इमारतीतल्या, घरांपैकी 11 टक्के आणि त्या वस्तीतल्या घरांपैकी 8 टक्के. मलेशियाच्या नागरिकांना ही मर्यादा लागू नाही, आपल्याला आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या देशात राहायचे त्याचे नियम पाळायचेच. माझी तक्रार त्या एजंटबद्दल आहे. हा नियम तपासायला पाच मिनिटे लागतात, पत्ता भरला की मंडळाच्या संकेतस्थळावर उत्तर मिळते, आणि ती पाच मिनिटे त्याने बारा दिवसांत काढली नाहीत.

पुढचे तर अधिकच मनस्ताप देणारे होते. ‘काळजी करू नका, शेजारच्या ब्लॉकमध्ये घर आहे,’ असे तो म्हणाला, आणि आम्ही विश्वास ठेवला. ते घर पाहिले, पुन्हा सह्या केल्या, पुन्हा थांबलो. या वेळी नकार यायला आठ दिवस लागले. ब्लॉकची मर्यादा तिथे शिल्लक होती, पण मुळात वस्तीचीच 8 टक्क्यांची मर्यादा भरलेली होती, म्हणजे त्या वस्तीतला कुठलाही ब्लॉक आम्हाला मिळणारच नव्हता. पहिल्या नकारात कोणती मर्यादा भरली आहे, एवढे एकच विचारले असते तर आठ दिवस वाचले असते. त्या काळात आम्ही हॉटेलच्या एका खोलीत राहत होतो, मुलगी पलंगावर बसून गृहपाठ करत होती, आणि मी रोज रात्री नवे पत्ते लिहून काढत होते. पहिला विसार परत मिळायला आणखी दोन आठवडे गेले; तो आम्ही थेट मालकीणबाईंच्या खात्यात भरला होता म्हणून मिळाला, याची मला खात्री आहे. एचडीबीच्या भाडेव्यवहारात एजंटला पैसे हाताळण्याची मुभाच नाही, त्यामुळे एजंटच्या हातात रोकड कधीही देऊ नये.

त्यानंतर घर पाहायला जाण्याआधी मी स्वतः प्रत्येक पत्ता तपासू लागले. बावीस पत्ते वहीत लिहिले, त्यांतले नऊ कोट्यात बसत होते, आणि त्यांतल्या तिसऱ्याच घरावर काम झाले. मालकाने केलेल्या अर्जाला मंजुरी आल्यावर, त्यात आमची नावे बरोबर आहेत हे पाहिल्यावरच मी सुटकेचा श्वास घेतला. आपला पास, म्हणजे इथे राहून नोकरी करण्याचा परवाना, अर्जाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा, हेही आधी पाहून ठेवावे. पास नुकताच आलेला असेल तर अडचण नाही, नूतनीकरण जवळ आले असेल तर आहे.

करार दोन वर्षांचा झाला, त्यामुळे अनामत दोन महिन्यांची. मुद्रांक शुल्क भाडेकरू भरतो: चोवीस महिन्यांचे एकूण भाडे 76,800 डॉलर, त्याच्या 0.4 टक्के, म्हणजे 307 डॉलर. नोकरी गेली किंवा बदली झाली तर वर्षभरानंतर दोन महिन्यांच्या सूचनेवर घर सोडता येईल, असे कलम करारात आग्रहाने घालून घ्यावे. आमच्या मसुद्यात ते नव्हते, मी विचारल्यावर घातले.

आणखी एक गोष्ट. टॅम्पिनीस म्हटले की सगळे टॅम्पिनीस स्टेशनजवळ घर शोधतात. तिथे पूर्व-पश्चिम आणि डाउनटाउन या दोन मार्गांची स्थानके वेगवेगळी आहेत, एकातून बाहेर पडून दुसऱ्यापर्यंत चालत जावे लागते. आम्हाला घर मिळाले ते टॅम्पिनीस ईस्टजवळ, जिकडे एजंटने आम्हाला एकदाही नेले नव्हते. तिथून अपर चांगी आणि लगेच एक्स्पो, गाडी बदलायची नाही. घरापासून स्टेशनपर्यंतच्या वाटेवर छप्पर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या पावसातही पाय कोरडे राहतात. दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत मला सव्वीस मिनिटे लागतात, आणि मुलीची बस पावणेसातला खाली येते, तेव्हा तिला बसमध्ये बसवूनच मी निघते.